मे महिन्याचं पाकीट

झुंबरने हिमालय कधी पाहिला नव्हता, पण तिथली हवा तो दर महिन्याला चिमट्यात धरून तोलायचा. सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतीत हवा तपासणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथला तो तोलणारा. हवा ओढणाऱ्या यंत्रात पाणीपुरीच्या पुरीएवढी पांढरी चकती बसवतात. हवेतली घाण तिच्यावर साठते, आणि चकती जेवढी जड तेवढी हवा वाईट. असं एक यंत्र प्रयोगशाळेच्याच गच्चीवर होतं. दुसरं होतं पार कुमाऊंच्या डोंगरात, बांजधार नावाच्या गावी, शाळेच्या छतावर. तिथली शिक्षिका, ममता, चकत्या पाकिटात घालून कुरियरने पाठवायची.

सोळा वर्षांत आपलं वजन केसभर चुकलं नाही, हे झुंबर सिल्वासातल्या डोकमर्डीच्या आपल्या चाळीत ओळख नसलेल्यालाही सांगायचा. बांजधारच्या चकत्या त्याच्या विशेष लाडक्या. थंडीत तिथल्या शेगड्यांच्या धुराने त्या किंचित पिवळ्या पडत, तेवढंच. पावसाळ्यातली चकती तर इतकी कोरी यायची की पुन्हा वापरायचा मोह व्हावा. इकडे घरी त्याच्या बायकोचा, सरुबाईचा, दमा वर्षागणिक वाढत होता. दिवाळीनंतर सिल्वासाची हवा जड झाली की ती भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपायची. त्या पांढऱ्या चकत्यांकडे बघून झुंबर स्वतःशीच म्हणायचा, एकदा हिला तिथे न्यायचं.

दर मे महिन्यात मात्र एक भानगड व्हायची. बांजधारच्या पाकिटातून तव्याच्या बुडासारखी काळी चकती निघायची आणि गच्चीवरून आलेल्या सिल्वासाच्या पाकिटातून नुसती मळकी. पहिल्या वर्षी झुंबर हसला. पाकिटं फोडणाऱ्याने अदलाबदल केली, दुसरं काय? कारखान्यांच्या गावची हवा बरी आणि देवांच्या डोंगरातली काळी, असं कुठे असतं का? त्याने कुणालाही न विचारता चकत्यांची नावं बदलली. तीन वर्षं दर मे महिन्यात त्याने ही दुरुस्ती केली, आणि साहेबांचा त्रास वाचवला म्हणून स्वतःवर खूशही झाला.

चौथ्या वर्षी बांजधारचं यंत्र तपासायला कुणाला तरी पाठवायचं ठरलं. झुंबर लगेच पुढे झाला, रजा जोडली आणि मे महिनाच मागून घेतला. उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात, हे काय कुणी शिकवावं लागतं? सरुबाईला तिकडे न्यायचं म्हटल्यावर तिच्या डॉक्टरांनी शंका काढली, तेव्हा तो छातीठोकपणे म्हणाला, "मे महिन्यातली तिथली हवा मी स्वतः तोललीय."

काठगोदाम स्टेशनहून जीप वर चढू लागली आणि सरुबाईने पदर नाकाला लावला. चीडाच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलात वाळलेली पानं पेटली होती. वाटेतला एक डोंगर धुमसत होता, दुसरा धुरात बुडाला होता, आणि हिमालय म्हणून जे काही असतं ते कुठेच नव्हतं. सूर्य तांबड्या बटणाएवढा दिसत होता.

"आठे बी धूरच शे ना वो," सरुबाई म्हणाली. धुळ्याकडची तिची बोली सिल्वासात इतकी वर्षं काढूनही सुटली नव्हती. पुढचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही.

ममताने त्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं. खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. तीन दिवस सरुबाई पंप ओढत बसून राहिली आणि झुंबर तिची पाठ चोळत राहिला.

"चाचाजी, मई में हर साल यही होता है," चहा देताना ममता म्हणाली. "मैंने शिक्षा विभाग को स्कूल बंद रखने की अर्जी दी थी. उन्होंने आपकी रिपोर्ट दिखा दी, कि हवा तो ठीक है."

झुंबरच्या हातातला चहा तसाच गार झाला. त्या काळ्या चकत्या त्याच्या डोळ्यांपुढे आल्या, तिन्ही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

चौथ्या दिवशी दुपारी गडगडलं. आधी गारा पडल्या, मग तासभर नुसता पाऊस कोसळला. थांबला तेव्हा झुंबर अंगणात आला. समोरचा डोंगर दिसला, मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा. त्यांच्यावर पांढरा ढग होता. बराच वेळ झाला तरी ढग हलेना, तेव्हा त्याने नीट पाहिलं. ढगाला धारदार कडा होत्या. तो ढग नव्हताच. मान मागे टाकून आभाळ बघायचं, त्या जागी बर्फाचा डोंगर उभा होता. झुंबरचे हात आपोआप जोडले गेले. एवढं मोठं काहीतरी तीन दिवस आपल्यासमोर होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता.

सरुबाई दाराला धरून बाहेर आली. तिने वर पाहिलं आणि श्वास घेतला, आणि तो आत जातच राहिला. तिचे डोळे भरून आले.

झुंबरला त्या डोंगरासमोर गप्प राहवेना. त्याने तिला सगळं सांगून टाकलं. काळ्या चकत्या इथल्याच होत्या, नावं मी बदलली, माझाच विश्वास बसला नाही.

सरुबाई डोंगराकडेच बघत होती. नजर न हलवता तिने विचारलं, "आन् मी मरी जातू, तं माले कोणा गावना पाकिटमा टाकतात तुम्ही?"

शाळेच्या छतावर जाऊन झुंबरने यंत्र उघडलं. चकती काळीकुट्ट होती. ती पाकिटात घालून त्याने वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, बांजधार, मे. पाकीट ममताच्या हातात देऊन त्यावर साक्ष म्हणून तिची सही घेतली आणि तिथूनच साहेबांना फोन लावला.

"साहेब, तीन वर्षं माझ्या हातून चूक झालीय," तो म्हणाला. पलीकडून साहेबांनी विचारलं, किती मोठी? झुंबरने वर पाहिलं. डोंगर समोरच उभा होता, त्यामुळे कमी करून सांगायची सोय नव्हती.