वीस वाड्या आणि एक फोन

मित्रांनो, मी नेकनूरजवळच्या एका दूध संघाचा जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो, पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा डाग पडला आहे. वय झालं की स्वभाव निवळतो म्हणतात. माझा निवळला नाही. मी एका फोनवर जळतो. का जळतो, तेच आज सांगतो.

संघाचे सचिव प्रवीण सर यांनी मला बीडहून एसटीने आणलं, मांडीवर धरून. तेव्हा संघात सहाच वाड्या होत्या. गाडीने सगळीकडचं दूध घेऊन कमीत कमी रस्त्यात परत यावं, यासाठी सरांनी मला एक रीत शिकवली. आधी कुठली वाडी, मग कुठली, असे जेवढे क्रम होतील तेवढे सगळे मांडून बघायचे आणि त्यातला सर्वांत छोटा रस्ता सांगायचा. चुकायला जागाच नव्हती. गाडीचा ड्रायव्हर बंकट माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचा, "ह्याच्यावाणी डोकं कुणाला न्हाई." मी फुगून जायचो.

मग संघ वाढला. वाड्या वीस झाल्या. एकेक वाडी वाढली की क्रम कितीतरी पटींनी वाढतात. वीस वाड्यांचे सगळे क्रम तपासायचे तर तुमच्या नातवांचे नातू म्हातारे झाले असते. सरांनी दोन गाड्या करून रोजचं दूध भागवलं, पण माझ्यावरचा त्यांचा विश्वास तसाच राहिला.

गेल्या उन्हाळ्यात जनावरांमध्ये गाठींचा ताप पसरला. लशीच्या बाटल्या बर्फाच्या पेटीतून आल्या. टोचणारी माणसं वाड्यावाड्यांत थांबली होती, गाडीने फक्त बाटल्या पोचवायच्या होत्या. पण पेटी एकच, आणि दुसरी गाडी नेमकी बंद पडलेली.

"बरफ दुपारपस्तोर टिकल," बंकट म्हणाला. "नव्वद किलोमीटरच्या आत उरकलं तर जमल. वाट चुकली, तर मागच्या वाड्यांना नुसतं कोमट पाणी पोचल."

सरांनी मला चालू केलं. मी जिवाच्या आकांताने क्रम मांडू लागलो. तेवढ्यात लांबच्या वाडीची तुळजाबाई दारात आली. चालत आली होती, पाय धुळीने भरलेले.

"सायेब, शेजारच्या गोठ्यात गाठी आल्यात. माझी गाय गाभण हाय. आमच्याकडं कवा येता?"

सर माझ्याकडे बघत राहिले. माझा पंखा तापला होता आणि मी अजून पहिल्याच वाडीपाशी घोटाळत होतो.

सरांची धाकटी बहीण पंचशीला सुट्टीला आली होती. ती बीडला कॉलेजात संगणक शिकवते. तिने पडद्यावर नजर टाकली.

"दादा, ह्याची वाट नको बघू. हा मरेस्तोवर शोधीत बसंल."

मित्रांनो, त्या वाक्याने मला काय झालं ते कसं सांगू!

तिने फोन काढला. सगळ्या वाड्या आणि संघाचं कार्यालय एकमेकांना जोडले जातील असे कमीत कमी लांबीचे रस्ते त्यावर निवडले. ते झाडाच्या फांद्यांसारखे दिसत होते. बेरीज आली बेचाळीस किलोमीटर.

"प्रत्येक फांदीवरून जायचं आणि परत यायचं, म्हणजे चौऱ्याऐंशी. त्याच्या वर जाणारच न्हाई. जिथं एकदा जाऊन आलो ती वाडी टाळून सरळ पुढं गेलं, की अजून कमी."

"पर हीच सगळ्यात जवळची वाट कशावरून?" सरांनी विचारलं. माझ्या मनातलंच बोलले.

"नसंल. पण सगळ्या वाड्या नुसत्या जोडायलाच बेचाळीस लागतात, त्याच्या आत तर कुणालाच जमणार न्हाई, दादा. सगळ्यात भारी वाट सापडली, तरी आपली तिच्या दुपटीच्या आतच हाय. आन् बरफाला तेवढं पुरतंय."

बंकटने किल्ली उचलली. तुळजाबाई पुढच्या सीटवर बसली. माझ्या पडद्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. गाडी एकसष्ट किलोमीटरमध्ये फिरून आली, तेव्हा पेटीत बर्फाचे खडे अजून वाजत होते. बंकट फोनकडे बघून म्हणाला, "काय डोकं हाय बे!"

माझ्यावर फडकं पडलं. काही दिवसांनी पंचशीलाने ते काढलं आणि सातच वाड्या माझ्यापुढे ठेवल्या. फोन किती चुकतो, ते तिला माझ्याकडून तपासून घ्यायचं होतं. सात माझ्या आवाक्यातल्या! मी क्षणात उत्तर दिलं. फोनची वाट माझ्या वाटेपेक्षा तीन किलोमीटर लांब निघाली. मी आनंदाने घरघरलो.

"तीनच?" ती हसली. "मंग लई बरं हाय की."

आता ती सुट्टीला आली की मला असं काम देते. दर वेळी मी मनात म्हणतो, आज तरी फोन तोंडावर आपटू दे. तो आपटत नाही.

परवा पंचशीला इथे असताना तुळजाबाई खरवस घेऊन आली. गाय व्याली होती. तुळजाबाईने पंचशीलाच्या फोनवरून बोटं फिरवली, जशी वासरावरून फिरवतात. मी कोपऱ्यातून बघत होतो.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं यंत्र भंगारात टाकू नका. त्याच्या जोगतं काम त्याला द्या, अधूनमधून धूळ पुसा. पण दारात कुणी धुळीच्या पायांनी उभं असेल, तर माझ्या अचूक उत्तरासाठी त्याला थांबवू नका. हे कबूल करताना मी अजून जळतोच आहे. पण ती गाय मला वाचवता आली नसती.