राजकन्येचा पंचनामा

सर्वेशनं आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली होती आणि ती फुकट वाटून टाकली होती. त्याचे वडील मार्तंडराव यांचं म्हणणं असं, की मोठी गोष्ट करायला हरकत नाही, फुकट वाटायलाही हरकत नाही; पण दोन्ही एकाच माणसानं करू नये, आणि तो माणूस निदान आपल्या घरातला तरी नसावा.

त्या गोष्टीचं नाव 'चाळण'. लातुरात डॉक्टरकीच्या प्रवेशाची तयारी करणारी पोरं दर आठवड्याला सराव परीक्षा देतात, उत्तरपत्रिकेवरचे गोळे काळे करतात, आणि ते गोळे तपासायला क्लासवाल्यांना महागडं मशीन घ्यावं लागतं. सर्वेशनं असा प्रोग्रॅम लिहिला, की झेरॉक्सच्या दुकानातल्या साध्या स्कॅनरमधून उत्तरपत्रिका सरकवली की मार्क, नंबर, यादी, सगळं तयार. शिवाय तो ओपन सोर्स. म्हणजे आतला सगळा कोड इंटरनेटवर उघडा. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, आणि आपला बदल चांगला वाटला तर सर्वेशला परत पाठवावा. घेणारे पुष्कळ निघाले. परत मात्र कुणी काहीच पाठवलं नव्हतं, शिवीसुद्धा नाही.

अशात सरकारनं योजना काढली: असं खुलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला वर्षभराचं अनुदान. सर्वेशचा अर्ज पहिल्या फेरीत पास झाला. आता नांदेडला समितीपुढं उभं राहायचं होतं आणि जाताना दोन गोष्टी न्यायच्या होत्या. एक, तीन संस्था हे सॉफ्टवेअर वापरतात याचा पुरावा. दोन, अर्जदार सोडून दुसऱ्या कुणीतरी या कामात भर घातल्याचा दाखला.

अनुदान नाही मिळालं तर पुढचं ठरलेलंच होतं. मार्तंडरावांनी नांदेडच्या आलोक सरांना शब्द देऊन टाकला होता, की जूनपासून पोरगा तुमच्या क्लासवर फिजिक्स शिकवील. सर्वेशला फिजिक्स येत होतं; माणसं येत नव्हती. कॉलेजच्या सेमिनारला तो फळ्यासमोर उभा राहिला, तेव्हा पहिल्या वाक्यानंतर त्यानं वर्गाला पाठ दाखवली आणि उरलेला सेमिनार फळ्यालाच दिला. तेव्हा समोर मोजून एक बाक होता. आलोक सरांच्या बॅचला चारशे पोरं बसायची.

"फुकट वाटायचं," मार्तंडराव सुपारी कातरत म्हणाले, "आणि फुकट वाटतो म्हणून सरकारनं पैसे द्यायचे?"

"बाबा, रस्ता फुकटच असतो की. बांधायला सरकारच पैसे देतं."

"रस्त्याला खड्डे पडतात. पुन्हा बिल निघतं. तुझ्या त्या चाळणीत असं काय हाय?"

मार्तंडराव तहसीलमधून रिटायर झालेले. भूकंपानंतरची बरीच वर्षं त्यांनी पुनर्वसनाच्या कामात काढली होती आणि पडक्या भिंतींचे इतके पंचनामे लिहिले होते, की उभ्या भिंतीलाही ते 'सदर भिंत' म्हणायचे. जे पंचांसमक्ष लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, असं त्यांचं मत होतं.

पुराव्यासाठी सर्वेश आधी 'अढळ क्लासेस'च्या वीरण्णा सरांकडं गेला. सरांची केबिन इतकी थंड होती की ते एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसले होते.

"पत्र? कशाचं पत्र?"

"तुम्ही चाळण वापरता, एवढंच लिहून द्या सर."

"आम्ही? छे! आमच्याकडं जर्मन मशीन हाय."

कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसलेला ऑपरेटर गुरुलिंग हळूच उठला आणि स्क्रीनच्या पुढं उभा राहिला. गुरुलिंग हडकुळा होता. त्याच्या दोन्ही बाजूंनी चाळण दिसत होती.

"मशीन बघू का सर?"

"बघायचं नसतं ते. त्याला उजेड सहन होत न्हाई." मग सरांनी आवाज उतरवला. "हे बघ बेटा, पालक परभणीहून, बीडहून लेकरू घेऊन येतात. त्यांना काय सांगू? तुमच्या लेकराचं भविष्य आम्ही झेरॉक्सवाल्याच्या स्कॅनरमधून फुकट काढून राहिलो म्हणून? जर्मन म्हटलं की त्यांना बरं वाटतं."

'उत्तुंग'च्या व्यंकट सरांकडं मशीन जपानी निघालं. रामकिशन सरांकडं अमेरिकन. त्यांचा स्कॅनर तर टेबलावरच होता आणि त्यावर 'बालाजी झेरॉक्स' असं रंगानं लिहिलेलं होतं. रामकिशन सर म्हणाले, बालाजी ही अमेरिकेतलीच कंपनी आहे.

सर्वेश घरी येऊन फिजिक्सचं पुस्तक शोधायला लागला. तेवढ्यात त्याची धाकटी बहीण श्रद्धा स्कूटी लावून धापा टाकत आत आली.

"दादा, राजकन्या कोण रे?"

"पार्वतम्मांची म्हैस."

"तसं न्हाई. चौकात वीरण्णा सरांचं नवं होर्डिंग लागलंय. 'राजकन्या, सातशे वीसपैकी सातशे वीस, अढळची अढळ परंपरा.' आणि पुढं पेट्रोल पंपाजवळ व्यंकट सरांचं. तीच राजकन्या. तेवढेच मार्क. फोटो मात्र वेगळ्या पोरीचा."

"आणि रामकिशन सरांचं?"

"त्यांनी फोटोच टाकला नाही. 'विद्यार्थिनी प्रसिद्धीपासून दूर राहते' असं लिहिलंय."

सर्वेश खाटेवर बसला. मग जरा वेळानं आडवा झाला. चाळण नीट मोजतेय का हे बघायला त्यानं सुरुवातीला एक खोटा विद्यार्थी घातला होता, सगळी उत्तरं बरोबर देणारा. नाव काय द्यावं याचा विचार चालू असताना मागच्या गोठ्यातून पार्वतम्मांची म्हैस ओरडली होती. म्हणून नाव राजकन्या, पालक पार्वतम्मा, पत्ताही गोठ्याचाच. वापरण्याआधी ही नोंद पुसा, असं त्यानं सूचनांच्या फाइलीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. कुणी पुसली नव्हती. आणि लातुरात जो पहिला येतो तो संध्याकाळच्या आत होर्डिंगवर चढतो. हजारभर पोरांच्या क्लासात एक चेहरा कुणी शोधत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रकरण अंगणात आलं. राजकन्या तीन क्लासांत पहिली आली म्हटल्यावर तिन्ही सरांना एकच काळजी पडली, की दुसऱ्यानं तिला पळवायला नको. पत्ता यादीत होताच. वीरण्णा सर शाल, नारळ आणि फोटोग्राफर घेऊन पार्वतम्मांच्या दारात उभे राहिले. पार्वतम्मा निलंग्याकडच्या, चार घरी दूध घालून संसार सांभाळणाऱ्या, कुणाला न घाबरणाऱ्या.

"राजकन्येचं घर हेच का?"

"हाव. माग्गं हाय. आत्ताच खाऊन बसली. उन्हं कलल्याबिगर उठायची न्हाई."

"बघा!" सर फोटोग्राफरला म्हणाले. "दुपारी विश्रांती, रात्री अभ्यास. आमचं वेळापत्रक तंतोतंत पाळते."

तेवढ्यात व्यंकट सर फेटा घेऊन आले आणि त्यांच्या मागोमाग रामकिशन सर पेढे घेऊन.

"वीरण्णा सर, तुम्ही हितं? राजकन्या आमची हाय."

"तुमची? आमच्याकडं पहिल्या बाकावर बसते."

"दोन वर्षं झाली आमच्याकडं येऊन राहिली!"

"अय्यो," पार्वतम्मा म्हणाल्या, "माझी राजकन्या कुठं बी जात न्हाई. आन दोन वर्षांत तर तिला वेळ कुठला? औंदा दुसऱ्यांदा व्याली."

रामकिशन सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जिद्द म्हणतात ती याला! संसार करून, लेकरं सांभाळून सातशे वीस! हे होर्डिंगवर यायलाच पाहिजे."

सर्वेश श्रद्धाबरोबर कुंपणापलीकडून ऐकत होता. तो पुढं आला. "सर, ती म्हैस आहे."

"तोंड सांभाळून बोल," वीरण्णा सर भडकले. "बाळंतीण बाईविषयी असं बोलतात? अंगानं थोडी भरली असंल."

मग गोठ्यातून राजकन्या ओरडली. पार्वतम्मांनी पत्र्याचं दार ढकललं. तिन्ही सरांनी आत बघितलं आणि राजकन्येनं बाहेर. फोटोग्राफरनं सवयीनं फोटो काढला.

"रोल नंबर एक माझी चाचणी आहे सर," सर्वेश म्हणाला. "पुसून टाका म्हणून सूचनांत लिहिलंय."

"सूचना कोण वाचतं?" वीरण्णा सर म्हणाले. दर रविवारी परीक्षेआधी हेच सर माइकवरून 'सूचना वाचा' म्हणून ओरडायचे.

मार्तंडराव लुंगी सावरत येऊन उभे राहिले होते. त्यांच्या डोक्यात कुठंतरी जुनं चाक फिरायला लागलं होतं.

"थांबा, थांबा. ही म्हैस याच्या प्रोग्रॅममध्ये. म्हणजे ज्याच्या ज्याच्या यादीत म्हैस, त्याच्या त्याच्याकडं याचा प्रोग्रॅम. मग ते जर्मन आन जपानी कुठं गेलं?"

व्यंकट सरांनी फेटा पाठीमागं लपवला.

"देतो बाबा पत्र," वीरण्णा सर पडत्या आवाजात म्हणाले. "उद्या पाठवतो."

"उद्या कशाला? सगळे हजर हाईत, वस्तू जागेवर हाय." मार्तंडरावांचा चेहरा असा उजळला, की श्रद्धानं नंतर सांगितलं, बाबा एवढे खूश माझ्या बारावीच्या निकालाला पण नव्हते. "पोरी, माझं पॅड आण. पंचनामा करू."

आणि त्यांनी बाजेवर बसून लिहायला घेतलं. 'आम्ही खाली सही करणारे पंच असे लिहून देतो, की आज रोजी पार्वतम्मा यांच्या गोठ्यात समक्ष हजर राहून पाहणी केली असता, राजकन्या नावाची काळ्या रंगाची, मागे वळलेल्या शिंगांची म्हैस रवंथ करीत असल्याचे आढळून आले. सदर म्हैस आमच्या तिन्ही क्लासेसच्या यादीत प्रथम आल्याचे आम्हांस मान्य आहे. सदर यादी चाळण या सॉफ्टवेअरवरूनच काढली असून अन्य कोणत्याही देशाच्या मशीनचा संबंध नाही. सदर होर्डिंग आज सायंकाळपर्यंत उतरवण्याचे पंचांनी कबूल केले.'

"'आढळून आले' चाललं असतं, मार्तंडराव," वीरण्णा सर कुरकुरले, "पण 'आम्हांस मान्य आहे' हे काढा की."

"पंचनाम्यात खाडाखोड चालत न्हाई."

तिघांनी सह्या केल्या. पार्वतम्मांनी अंगठा न देता ठसठशीत सही केली आणि सर्वेशला धाकट्या भावासारखं जवळ घेऊन विचारलं, "तम्मा, माझ्या म्हशीला ह्यातून काय मिळणार?" रामकिशन सरांनी पेढ्याचा पुडा पुढं केला. तो राजकन्येनं कागदासकट खाल्ला.

पहिली गोष्ट झाली. दुसरी राहिली. दुसऱ्या कुणी कामात भर घातली? म्हशीनं घातली म्हणावं तर तिला कोड येत नव्हता. सर्वेश एसटीनं नांदेडला निघाला तो अर्धं अनुदान हुकल्याच्या चेहऱ्यानं. लोह्याला गाडी चहाला थांबली आणि फोन वाजला. गुरुलिंगनं काहीतरी पाठवलं होतं.

सर्वेशनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली तरी तो चहाचा ग्लास हातात घेऊन तसाच हसत उभा होता. शेवटी एका आजोबांनी त्याला कॉलर धरून आत ओढलं. ग्लास नांदेडपर्यंत आला.

समितीच्या अध्यक्ष विनीता मॅडम. त्यांनी पंचनामा वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. शेजारच्या सदस्यांनी खोकला काढला, पण तो खोकला नव्हता.

"वापराचा पुरावा इतका सविस्तर आम्हाला कुणी दिलेला नाही," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "आता दुसऱ्या माणसाची भर?"

सर्वेशनं फोन पुढं केला. बोलणं जमेना म्हणून त्यानं नजर मॅडमच्या मागच्या कॅलेंडरवर लावली आणि कॅलेंडरला सांगितलं, "गुरुलिंग म्हणून एक ऑपरेटर आहेत. म्हशीच्या भानगडीत सगळी बोलणी त्यांनीच खाल्ली. मग त्यांनी कोड उघडला आणि बदल करून पाठवला. आता यादी छापण्याआधी प्रोग्रॅम विचारतो, 'पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पाहिले काय?' आणि खाली एक रकाना आहे. पायांची संख्या."

"पायांची?"

"दोनपेक्षा जास्त भरले तर यादी छापत नाही."

आता मात्र हसू कुणी खोकल्यात लपवलं नाही. मॅडमच आधी हसल्या. कॅलेंडरवरची नजर सर्वेशनं चुकून खाली आणली, तर समोर पाच माणसं त्याच्याकडं बघून हसत होती, आणि त्याला काही होत नव्हतं.

"कुणीतरी कोड उघडून बघितला आणि सुधारला," मॅडम म्हणाल्या. "आम्ही दुसरं काय मागत होतो? अनुदान मंजूर. एका अटीवर. हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सगळ्या क्लासच्या लोकांना तुम्ही स्वतः प्रशिक्षण द्यायचं. फळ्यासमोर उभं राहून."

सर्वेशनं तोंड उघडलं. नाही म्हणायचा विचार होता. पण नाही म्हटलं तर आलोक सरांचे चारशे, हो म्हटलं तर चाळण आणि माणसं थोडी कमी. "हो," तो म्हणाला.

प्रशिक्षणाचा दिवस आला. 'अढळ'चा मोठा हॉल गच्च भरला होता. जर्मन, जपानी आणि अमेरिकन मशीनवाले तर होतेच, पण ज्यांच्याकडं चाळण असल्याचं सर्वेशलाही माहीत नव्हतं असे बार्शी रोडपासून औसा रोडपर्यंतचे सगळे संचालक ऑपरेटर घेऊन आले होते. मागच्या भिंतीला टेकून मार्तंडराव उभे होते. कुणी विचारलं तर पंच म्हणून आलोय, असं सांगत होते.

सर्वेशनं खडू घेतला, फळ्याकडं वळला आणि लिहिलं: 'धडा पहिला. सूचना वाचणे.' मग बराच वेळ तो फळ्याकडंच बघत राहिला. फळा ओळखीचा होता, निरुपद्रवी होता. मागं खुर्च्या करकरायला लागल्या.

पहिल्या रांगेतून वीरण्णा सरांनी हात वर केला.

"बेटा, हे परीक्षेला येणार का? येणार नसलं तर पुढं चल."

सर्वेश गर्रकन वळला. समोर अख्खं लातूर बसलं होतं, आणि त्याला अचानक त्या सगळ्यांची कीव आली.

"येणार, सर," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "शंभर टक्के येणार."

हॉलभर पेनांची टोपणं निघाल्याचा आवाज झाला आणि सगळ्यांनी एकदम लिहायला सुरुवात केली.