ताऱ्याचा आवाज

आमच्या विज्ञान केंद्रातला अंध प्रेक्षकांसाठीचा पहिला प्रयोग माझा, हे मी बऱ्याच जणांना सांगून ठेवलं होतं. कुणी विचारलं नसताना. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड जरासा घटतो. मी तो उजेड आवाजात बदलला. आवाज किंचित उतरला की ग्रह आला असं ओळखायचं. नुसती गुणगुण कंटाळवाणी वाटली म्हणून खाली संगीत घातलं, वर माझं निवेदन.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ताईला बोलावलं. ती जन्मापासून अंध.

"शाळेत प्रयोगाच्या तासाला मला बाकावर बसवायचे आणि शेवटी उत्तर सांगायचे," ती म्हणाली. "आज तरी माझं मला कळू दे."

"कळेल गं. ग्रह आला की बटण दाब."

तंत्रज्ञ बाई खोलीबाहेर पडद्यावर उजेडाचा आलेख बघत होत्या; ताईने बटण दाबलं की त्यावर खूण उमटायची. मी ताईशेजारी बसलो. मला सगळं ध्वनिमुद्रण पाठच होतं. ताईने एकही ग्रह सोडला नाही. मी मनात सत्काराचं भाषण रचायला घेतलं. त्यात ताईचाही उल्लेख होता, शेवटी.

"आता तू बाहेर जा," ती म्हणाली.

"का?"

"जा म्हटलं ना."

मी गेलो. आलेखावर ग्रह येत राहिले, ताईची खूण एकही उमटली नाही.

"अगं, मघाशी सगळं बरोबर होतं!" मी आत धावलो.

"मघाशी तू दरवेळी श्वास रोखत होतास. तारा कसला, मी तुलाच ऐकत होते. उत्तर परत दुसऱ्यानेच सांगितलं."

म्हणजे प्रयोगातला एकमेव चालणारा भाग माझं नाक होतं.

"ते संगीत काढ."

"त्याने वातावरण तयार होतं…"

"काढ. आणि तुझी बडबडही."

निवेदनात मी दोनदा गहिवरलो होतो. तेही काढलं.

पुन्हा बाहेर. ग्रह आला, गेला, खूण नाही. बाईंनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. दुसऱ्यांदा रेष खाली झुकली आणि नेमकी तिथेच खूण पडली. मग पुढच्यावर. मग एक भलतीकडेच. मग पुन्हा बरोबर.

मी दार ढकललं. "ताई, सापडला!"

"तू कोण सांगणारा?" बटणावरचं बोट न हलवता ती म्हणाली. "दार लाव. अजून चालू आहे."