शेवंतीची संकष्टी

नारायण पेठेतल्या खांबेटेबाईंनी आपली मांजर माझ्या टेबलावर ठेवली, सगळा गुन्हा माझाच असल्यासारखं माझ्याकडे बघत. मी जनावरांची डॉक्टर आहे, मला अशा नजरांची सवय आहे.

"आमची शेवंती सारखी उलट्या करते. चांगलंसं औषध द्या."

"खाते काय?"

"आम्ही खातो तेच. वरणभात, तूप. काल संकष्टी होती, म्हणून साबुदाण्याची खिचडी."

"मांजरीला उपास?"

"मग? तिच्या एकटीसाठी वेगळा स्वयंपाक कोण करणार? आणि मिरची कमीच घातली होती."

माझं डोकं सटकलं. "अहो बाई, मांजर मांस खाणारा प्राणी आहे. गणपतीनं तिच्याकडे उपास मागितलेला नाही. मांजरांचं तयार खाणं आणा, नाहीतर चिकन उकडून द्या."

"आमच्या घरात? शक्यच नाही!" बाईंनी शेवंतीला छातीशी धरलं. "आमच्या ह्यांना लग्न झाल्यापासून हेच वाढतेय. त्यांनी एकदा तरी उलटी केली का, विचारा!"

मी दाराशी उभ्या असलेल्या खांबेट्यांकडे पाहिलं.

"मांजराला उलटी करायला परवानगी लागत नाही," ते म्हणाले.