शिपायाचा सदरा, सुनेचं कुंकू

शुक्रवारी सकाळी दोह्यात अल सद्दच्या फ्लॅटवर कंपनीचा मन्सूर कंपनीच्या वस्तू परत न्यायला आला, तेव्हा मालविकाने नवऱ्याचं सामान काढूनच ठेवलं होतं. हेल्मेट, सेफ्टी बूट, कव्हरऑल, दुखानच्या तेलक्षेत्राचा गेट पास. श्याम ड्युटीवरच हार्ट अटॅकने गेला. नाशिकला दिवसकार्य उरकून ती सासूबाईंना, कमलिनीबाईंना, घेऊन परतली होती.

मन्सूरने एक स्वेटर बाजूला ठेवला. "भाभी, ये कंपनी का नहीं, श्यामभाई का अपना है. रखिए."

मालविकाला हा हिशेब नवा नव्हता. दोह्याजवळच्या लुसैलच्या एका संग्रहालयात ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांच्या एका पलटणीची दप्तरं लावायची. कुणाला कोट कधी दिला, बूट किती दिवस चालवायचे, सगळं टिपलेलं. शिपाई मेला की सरकारी कोट-पट्टा कोठारात जमा. पण त्याने पदरमोड करून घेतलेला सदरा त्याच्या घरच्यांचा. अहो, गोऱ्या सरकारला कोण मायाळू म्हणेल? पण एवढं त्यालाही कळत होतं.

मन्सूर गेला आणि कमलिनीबाई रिकामं ताट घेऊन आल्या. नाशिकला कुंकू पुसायला बायका जमल्या होत्या, तेव्हा त्यांनीच "दोह्याला गेल्यावर बघू" म्हणून सुनेला वाचवलं होतं.

"आता तुझंही उरकून घेऊ गं. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र. तिकडून रोज फोन येतायत."

मालविका म्हणाली, "आई, कुंकू मी शाळेत असल्यापासून लावते. बांगड्या तर मला पाळण्यात घातल्या होत्या. श्यामने दिलंच नाही, ते श्यामबरोबर कसं जाईल? आणि मंगळसूत्र त्याने मला वापरायला नव्हतं दिलं. मला दिलं होतं. पलटणीचा कारकूनसुद्धा शिपायाचं स्वतःचं परत घेत नव्हता."

आता बोलणी खावी लागणार, असं तिला वाटलं. कमलिनीबाई मटकन सोफ्यावर बसल्या.

"तुझे सासरे गेले तेव्हा पुसलं, ते माझंही लहानपणापासूनचंच होतं गं," त्या म्हणाल्या. "असं म्हणायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं."

मालविकाने देवघरातली कुंकवाची डबी आणली आणि बोट त्यांच्या कपाळाशी नेलं. त्यांनी तिचा हात धरला.

"माझं राहू दे. आता लावलं तर माझ्यातली तेव्हाची ती पोर डोळ्यांपुढे येईल, आणि मला नाही सोसायचं."

तेवढ्यात नाशिकहून फोन आला. कमलिनीबाईंनी तो स्वतः घेतला. "नाही काढलं. काढणारही नाही. सगळ्यांना सांगून टाका."

फोन ठेवून तोंडाला पदर लावून त्या रडल्या. लेकासाठी की स्वतःसाठी, मालविकाने विचारलं नाही. वाचकहो, तुम्हीही विचारू नका. तुमच्या घरात एखादं कपाळ मोकळं असेल, तर आज त्या बाईजवळ बसा आणि एवढंच विचारा: "तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का?"