दक्षिण दरवाज्यातला बादशाही अंगरखा

मी एक जुना बादशाही अंगरखा आहे. नाव ऐकून हुरळून जाऊ नका, मित्रांनो. कुठल्याही बादशहाने मला कधी अंगात घातलेले नाही. मी भाड्याचा. चीनमधल्या शिआन शहराच्या दक्षिण दरवाज्यापाशी, तटाच्या सावलीत, तांग मावशीची फोटोची टपरी होती. तिथे एका खिळ्याला मी टांगलेला असे आणि माझ्याशेजारी सोनेरी रंग फासलेले एक लाकडी सिंहासन असे.

माझा जन्म नाटकाचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात झाला. कापड पिवळे, चकचकीत आणि अगदी हलक्या प्रतीचे. छातीवर जरीचा ड्रॅगन. बादशहाच्या ड्रॅगनला प्रत्येक पायाला पाच नख्या असाव्या लागतात. माझ्या ड्रॅगनच्या एका पायाला चारच आहेत, कारण भरतकाम करणाऱ्या बाईची जरी संपली आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. आजवर हे कुणाच्या लक्षात आलेले नाही. पाठीकडून मी सगळा उघडाच आहे. जाडा असो की काटकुळा, समोरून हात घालायचे, मागे बंद बांधायचे, की झाला बादशहा!

तरुणपणी माझी फार ऐट होती. दूरदूरच्या प्रांतांतून माणसे ही जुनी राजधानी पाहायला येत. मातीचे सैनिक, घंटाघर, मनोरे असे सगळे भरभर पाहून शेवटी ती तटाशी येत आणि मला अंगात घालून सिंहासनावर बसत. कारकून बसले, कसाई बसले, नवी नवरी रुसली म्हणून तिचा नवरा बसला. त्या सगळ्यांचा घाम मी प्यालो. मावशीने मला धुतले मात्र कधीच नाही. धुतला तर रंग जाईल, असे ती म्हणायची, आणि ते खरेच होते.

एका शरद ऋतूत लेइ आजोबा आणि त्यांचा मुलगा गनशंग टपरीवर आले. उत्तरेकडच्या डोंगरातली सफरचंदाची बाग असलेली माणसे. मुलगा दांडगा, बाप अगदीच वाळलेला.

"या महाराज! सिंहासन रिकामं आहे!" मावशीने नेहमीची आरोळी ठोकली.

"रिकामं का आहे, ते सांग आधी," आजोबा म्हणाले. "मागचा मेला असेल."

"बाबा, असलं अभद्र काय बोलता!"

"बादशहाला दटावतोस? मुंडकं उडवीन."

मावशी खो खो हसली. गनशंगही हसला आणि माझे बंद बांधू लागला. बापाच्या पाठीची हाडे त्याच्या हाताला लागत होती. मलाही लागत होती.

त्यानंतर ते दोघे रोज येऊ लागले. त्यांची भाड्याची खोली जवळच्याच गल्लीत होती. दिवसभर गनशंग बापाला शहर दाखवी आणि परतताना आजोबा दम खायला टपरीवर टेकत. "तांग, तुझी ती बादशाही गोधडी दे गं," असे म्हणून ते मला पांघरून बसत. थंडी पडू लागली होती. मी कुणाच्या उबेसाठी कामी येतो, हे मला नवीन होते आणि मला ते आवडले.

एके दिवशी गनशंग मटणाचे सूप आणायला गेला. आजोबा त्यात घालायची रोटी बारीक बारीक कुसकरत बसले होते. खाणे त्यांना जात नव्हते, म्हणून अर्धे तुकडे ते गुपचूप माझ्या बाहीत सारत होते.

"आज काय बघितलं आजोबा?" मावशीने विचारले.

"मातीची माणसं. रांगाच्या रांगा. राजाला राखायला उभी केलेली. राजा तरी मेलाच की." ते हसले आणि मग खूप वेळ खोकत राहिले. "मीही चाललोय, तांग. पोटात गाठ आहे. पोराला वाटतं, म्हाताऱ्याला पत्ता नाही. इथल्या दवाखान्यात डॉक्टरनं त्याला बाहेर बोलावलं आणि हा आत आला तो तोंड धुऊन. एवढ्या थंडीत कोण उगाच तोंड धुतं गं?"

आमच्या मुलखात जीवघेणा आजार ज्याचा त्याला सांगत नाहीत. ऐकूनच माणूस खचेल, अशी भीती असते. सगळे घर मिळून हसऱ्या तोंडाने ते झाकते आणि यालाच माया म्हणते.

"मग घरी जा ना! इथे का फिरताय?"

"जायचंय गं. फार जायचंय. माझी शवपेटी रंगवून ओसरीत ठेवलीय. शेवटचे कपडे म्हातारीनं जाण्याआधी स्वतःच्या हातानं शिवलेत. आमच्याकडे बाहेर मेलेल्याला गावात घेत नाहीत. वेशीबाहेरच ठेवतात, भटक्या कुत्र्यासारखं. पण पोर किती हौसेनं दाखवतंय बघ. घरी चल म्हटलं, की त्याला कळेल मला कळलंय. मग त्याच्या तोंडाकडे बघवेल का मला? तू एक शब्द बोलायचा नाहीस. शपथ घे."

मावशीने शपथ घेतली.

दोन-तीन दिवसांनी आजोबा मला पांघरून सिंहासनावरच पेंगले. गनशंग मावशीजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात बोलू लागला.

"मावशी, डॉक्टर म्हणाला लवकर घरी न्या. रोज रात्री ठरवतो, उद्या निघायचं. आणि सकाळी उठून बघतो तर बाबा बूट घालून तयार! आज काय दाखवतोस, म्हणतात. जन्मात पहिल्यांदा गाव सोडून आलेत. एवढी खुशी कशी मोडू? आणि घरी चला म्हटलं तर ओळखतील की सगळं."

मावशीने तोंड उघडले. सिंहासनाकडे पाहिले. तोंड मिटले.

"तुम्ही त्यांना काही सांगू नका हं," गनशंग म्हणाला. "माझी शपथ आहे."

"नाही रे सांगणार," मावशी म्हणाली. दिवसभर गिऱ्हाइकांशी अखंड बडबडणारी ती बाई, पण त्या संध्याकाळी माझी घडी घालताना एकटीच पुटपुटत होती. "उद्या सांगून टाकते. शपथ गेली खड्ड्यात."

उद्या आला. आजोबा तटाला हात लावत लावत, पावलापावलाला थांबत आले. घंटाघर राहिले होते, ते पाहून आले होते. म्हणे फार सुंदर आहे.

"अरे गनशंग, ऐक जरा," मावशी म्हणाली.

आजोबांनी मान वर करून तिच्याकडे रोखून पाहिले.

"...चहा घेणार का?"

त्याने चहा घेतला. उद्या मोठ्या मनोऱ्याला जाऊ, असे बापाला सांगितले. बाप म्हणाला, वा! मला संताप आला, मित्रांनो. तिघेही चांगली माणसे होती आणि तिघांनी मिळून एका म्हाताऱ्याची वाट अडवली होती.

दुसऱ्या दिवशी टपरी उघडते न उघडते तोच गनशंग एकटाच आला. एवढ्या थंडीतही डोक्यावर टोपी नव्हती.

"मावशी, मेलेल्या माणसाचे कपडे कुठे मिळतात? पहाटे गेले. अंग ताठायच्या आत घालायला हवेत."

"त्यांचे कपडे घरी आहेत रे," मावशी म्हणाली, आणि मग तिच्याने राहवेना. गाठ, तोंड धुणे, ओसरीतली पेटी, वेस, सगळे तिने सांगून टाकले.

गनशंगने विचारले, "हे तुम्हाला कधी सांगितलं त्यांनी?"

"तू सूप आणायला गेला होतास त्या दिवशी."

"म्हणजे मी बोललो तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होतं रे बाळा."

मला वाटले, आता हा सिंहासन फोडेल, मला टरकावेल. मी मनातून तयार होतो. पण त्याने काहीच केले नाही. तो फक्त म्हणाला, "माझ्यासाठी बूट घालत होते." पुन्हा म्हणाला, "मावशी, ते माझ्यासाठी बूट घालत होते."

मागल्या गल्लीतले दुकान मावशीने दाखवले. तिथले विकतचे निळे कपडे घालून त्याने बापाला ट्रकमधून गावी नेले. पुढे त्या भागातला एक सफरचंदवाला तटाशी आला, तेव्हा बाकीचे कळले. गावाने आत घेतले नाही. ओसरीतली रंगवलेली पेटी उचलून वेशीबाहेर आणली, तिथेच मांडव घातला, आणि त्या रात्री बर्फ पडला. गनशंग मांडवात बसून राहिला. आपल्या दारातून बापाला आत नेता आले नाही, म्हणून तो स्वतःही त्या दारातून आत जाईना.

आणि माझे? ज्या सकाळी गनशंग आला, त्याच दुपारी एका जाड्या व्यापाऱ्याने मला अंगात घातले. "आटपा लवकर, अजून बरंच बघायचंय," असे तो सारखा ओरडत होता. मावशीने फोटो काढला. "या महाराज" असे मात्र ती म्हणाली नाही, आणि नंतरही कधी म्हणाली नाही.

पुढे शहर बदलले. झुळझुळीत रेशमी पोशाख भाड्याने देणारी मोठी दुकाने आली. माझ्याकडे कुणी पाहीना. मावशी थकली, टपरी मोडली, सिंहासन सरपणात गेले. मी तिच्या पलंगाखाली एका पोत्यात आहे आणि उंदरांनी माझा एक खांदा खाल्ला आहे.

जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात, आम्हाला जपा म्हणून. मी तसे म्हणणार नाही. मला जपून काय करणार? मी कापड आहे. मला सगळे ठाऊक होते, पण तोंड नव्हते. मित्रांनो, तुम्हाला आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस आजारी असेल, आणि तुम्ही दाखवाल त्या प्रत्येक गोष्टीला "वा" म्हणत असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुम्हाला कुठे जायचे आहे? त्याने "कुठे नाही" म्हटले तरी उठू नका. पुन्हा विचारा.