पहिल्या पावलाचं घर्षण

प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीबाई म्हणायचे. नव्यांना ते लाडाचं नाव वाटे. जुन्यांना ठाऊक होतं की बारा वर्षांपूर्वी तेव्हाच्या विभागप्रमुखांनी तिला घर्षणयंत्रावरून उठवून काचेची भांडी घासायला बसवलं होतं आणि हे नाव तेव्हापासून चिकटलं होतं.

कत्तलखान्यातून आणलेल्या जनावराच्या गुडघ्यातून हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत गादीचा, म्हणजे कूर्चेचा, शर्टाच्या बटणाएवढा तुकडा कापायचा, तो काचेवर दाबून धरायचा, मधे सांध्यातल्या द्रवाचा थेंब सोडायचा आणि घासत राहायचं, असं त्याआधी तिचं काम होतं. हा द्रव यंत्रातल्या तेलासारखा असतो, जितका दाट तितका सांधा सुरळीत, असंच तेव्हा विभागात सगळे धरून चालले होते. तिला आठ महिन्यांत वेगळंच दिसलं. सांधा हलता असेल तर दाटपणा कामाला येतो. पण माणूस बराच वेळ एका जागी उभा राहिला की भाराखाली कूर्चेतलं पाणी हळूहळू पिळून निघतं, मधला द्रवही बाजूला सरतो आणि कूर्चा कूर्चेला जाऊन टेकते. तिथून पहिलं पाऊल उचलताना कूर्चेला वाचवतो तो पृष्ठभागाला लवेसारखा चिकटलेला प्रथिनाचा पातळ थर. निरोगी गुडघ्याच्या द्रवात ते प्रथिन भरपूर असतं. संधिवाताच्या रोग्यांचे जे नमुने तिच्याकडे आले, त्यांत ते झिजून गेलेलं होतं आणि पहिल्या हालचालीचं घर्षण तिप्पट भरत होतं.

विभागप्रमुख सरांनी हे सगळं छापलं. नाव एकट्याचं. तिने विचारलं तेव्हा ते भर बैठकीत म्हणाले, "हिच्या नोंदींचा काही भरवसा नव्हता. मला सगळं पहिल्यापासून करावं लागलं." बैठकीत कोणी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मोरीपाशी. दीड वर्षाने सर एका औषध कंपनीत मोठ्या पदावर गेले आणि नव्या प्रमुख मॅडमनी तिला पुन्हा यंत्रावर बसवलं. पण हाताला लागलेला साबणाचा वास तिच्या मनातून गेला नाही. सरांचं नाव कुठे छापून आलं की ती तो मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

आणि एक दिवस सरांचं इंजेक्शनच तिच्या टेबलावर आलं. दाट, मधासारखं. गुडघ्यात टोचलं की सांधा निरोग्यासारखा चालतो, असा कंपनीचा दावा होता. परवानगी देणाऱ्या समितीने स्वतंत्र तपासणीसाठी ते याच प्रयोगशाळेकडे पाठवलं होतं.

ती सरळ मॅडमकडे गेली. "हे काम मला देऊ नका. माझं त्या माणसाशी वैर आहे."

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "पण हे यंत्र तुझ्याइतकं कोणाला कळत नाही. तू कर. प्रत्येक आकडा दुसरा माणूस शेजारी बसून लिहील. आणि वैराचं मी समितीला आधीच कळवते."

तिची थोरली बहीण कपड्यांना इस्त्री करण्याच्या दुकानात दिवसभर उभी असायची. इस्पितळात याच इंजेक्शनची चाचणी चालली होती आणि ताईनेही ते घेतलं होतं. रविवारी ती भेटायला गेली तेव्हा ताई बादलीत पाय सोडून बसली होती.

"फरक पडला का गं?"

"चालायला लागले की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तासभर टेबलाशी उभी राहिले ना, की पहिलं पाऊल टाकताना जीव जातो. ते सुईच्या आधी होतं तसंच आहे."

तिला हसू आलं. ताईच्या दुखण्यावर आपल्याला हसू यावं याची लाज वाटली, पण हसू काही मावळलं नाही. ताई म्हणाली, "दात कसले काढतेस?"

"तुझा गुडघा फार शहाणा आहे, म्हणून."

सोमवारी तिने कंपनीचे कागद पुन्हा चाळले. सगळ्या चाचण्या हलत्या सांध्याच्या होत्या. उभं राहून मग हलण्याची एकही नव्हती. तिने दोन्ही केल्या. तीन आठवडे, चाळीस तुकडे, रोग्यांच्या द्रवात इंजेक्शन मिसळून आणि न मिसळता. हलत्या सांध्यात घर्षण जवळजवळ निम्म्यावर आलं. तासभर भार दिल्यावर मात्र इंजेक्शन असलं काय न् नसलं काय, काडीचा फरक नव्हता.

अहवाल बांधताना तिने हलत्या सांध्याच्या आकड्यांचं पहिलं पान बाजूला काढलं. ते नसतं तर सरांच्या हाती काहीच उरलं नसतं. मग तिने ते होतं तिथे लावून टाकलं. प्रामाणिकपणाचं फारसं तिच्या मनातही आलं नव्हतं. एक आकडा लपवला, तर सरांना तेवढीच फट सापडेल आणि ते तिच्यातून निसटतील, एवढंच तिला दिसत होतं.

समितीची बैठक प्रयोगशाळेच्याच वरच्या मजल्यावर सकाळी दहाला होती. सर जाड झाले होते, केस पांढरे. तिला बघून म्हणाले, "अरे वा, अजून इथेच का तू?" मग अध्यक्षांकडे वळले. अध्यक्ष हाडांचे म्हातारे डॉक्टर होते. "या बाईंच्या नोंदींचा अनुभव मी घेतलेला आहे. मी यांच्यावर विसंबलो नसतो."

ती शांतपणे म्हणाली, "यंत्र खालच्या मजल्यावर आहे. इंजेक्शन सरांनी स्वतःच्या हाताने भरावं."

सगळे खाली गेले. सरांनी भरलं. तिने भार ठेवला आणि घड्याळ लावलं. तासभर थांबायचं होतं. पहिली वीस मिनिटं सर बोलत होते, परदेशातल्या परिषदा, नवे कारखाने. मग बोलणं विरळ झालं. शेवटी ते नुसते त्या बटणाएवढ्या तुकड्याकडे बघत बसले. तास भरला. तिने कळ दाबली. पडद्यावरची रेघ उभीच्या उभी चढली आणि आदल्या आठवड्याच्या, इंजेक्शन न मिसळलेल्या नमुन्याच्या रेघेवर जाऊन तंतोतंत बसली.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "उभं राहून मग हलवायचं, हे तुम्हाला कसं सुचलं?"

"हे सरांनीच लिहिलंय," ती म्हणाली. "बारा वर्षांपूर्वीच्या निबंधात, चौथ्या पानावर. भार थांबून राहिला की दाटपणा निरुपयोगी. त्यांचं एकट्याचं नाव आहे त्यावर."

तिने ते पान टेबलावर ठेवलं. अध्यक्षांनी वाचलं आणि सरांकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं? माहीत असून तुम्ही ही चाचणी वगळलीत?"

सर दोन्हीकडून अडकले. माहीत होतं म्हणावं, तर समितीपासून लपवलं असं ठरत होतं. नव्हतं म्हणावं, तर निबंध कोणाचा? यासाठीच ती थांबली होती.

"तो भाग," सर खालच्या आवाजात म्हणाले, "मी केलेला नव्हता."

"मग कोणी केला?"

सरांनी नुसता हात तिच्या दिशेने केला.

"नीट सांगा," ती म्हणाली. "नोंदी घेणाऱ्याला लिहायचंय."

त्यांनी सांगितलं. पूर्ण नावासकट.

समितीने इंजेक्शन बाद केलं नाही. चालताना आराम पडतो एवढंच वेष्टनावर लिहायची मुभा दिली आणि निरोग्यासारख्या सांध्याचा दावा खोडला. कंपनीने दोन महिन्यांत सरांना पदावरून हटवलं. बातमी मॅडमनी सांगितली. तिने दुपारचा डबा चवीने खाल्ला.

नंतर सर एकदाच प्रयोगशाळेत आले, जुने कागद न्यायला. जाताना तिच्या टेबलापाशी थबकले. "झालं तुझं समाधान?"

"अजून नाही," ती म्हणाली. तिने खणातून निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला लिहिलेलं दुरुस्तीचं पत्र काढलं. संशोधन कोणाचं होतं ते त्यात तीन ओळींत लिहिलेलं होतं, खाली सहीची जागा रिकामी. "बसा. खुर्ची ओढून घ्या."

सर बसले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि खिसे चाचपले. पेन नव्हतं. तिने आपलं पेन दिलं नाही. समोरच्या टेबलावरून कोणीतरी पुढे केलेलं त्यांनी घेतलं आणि सही केली.

"तारीख राहिली," ती म्हणाली.